तिरकं चालत

पुस्तकात हलशी दीड ओळीची आहे.
खाली, पानाचा कोपरा उरला होता तिथं.
आमच्या शाळेपासून हलशी पाच किलोमीटर,
मधे एक ओढा, काजूच्या दोन बागा
आणि भरमाण्णाची गिरण.
मग मी म्हटलं, पुस्तक राहू दे, चपला घाला.

अठ्ठावीस मुलं. एकोणतिसावी मी.
डबे, बाटल्या, मोजायला सुतळीचा गुंडा,
आणि मष्णू तळवारच्या खिशात आवळे,
ते मला देवळात पोचल्यावर कळलं.

फाटकाशी निळी पाटी. तीन भाषा.
त्यातली एक लिपी आमची, भाषा आमची नाही.
मुलांनी तरी ती मोठ्यानं वाचली,
आपल्याच हेलात.

मी सुरू केलं: कदंब घराणं...
तर सातेरी भिंतीला गाल लावून उभा.
सातेरी गुरव, ज्याच्या वहीत सनावळीखाली
माझ्या लाल रेघांचं कुंपण झालंय.
बाप गोव्यात चिरे रचतो,
शनिवारी रात्रीच्या बसनं येतो
नखांत सिमेंट घेऊन.

"बाई, हितं चुना न्हाई," तो म्हणाला.
"दगडावर दगूड नुसता बसवलाय.
खालच्याला खाच, वरच्याला जीभ. बघा."
सांध्यात त्यानं नख घातलं.
नख गेलं नाही.

मग वर्ग माझा उरला नाही.
सुतळी ताणली गेली, सुटली, कुणाच्या तरी पायात आली.
शिखराच्या पायऱ्या मोजताना
कुणी सात म्हणालं, कुणी नऊ,
उन्हानं डोळे मिटत होते.
मागच्या बाजूला एक दगड अर्धाच घासलेला सापडला.
"हितं त्येला जेवायला हाक आली असंल,"
शमा सनदी म्हणाली,
आणि सगळे तिथं जरा गप्प उभे राहिले
तो परत येईल म्हणून.

शिलालेखाशी मी अडकले.
माझी कन्नड बसच्या पाट्यांपुरती.
गंगूची आई बैलहोंगलची,
तिनं बोट न टेकवता अक्षरांवरून फिरवलं.
"ह्यो 'ग' असंल. माझ्या नावातला.
फुडचं इचारू नका."
कुणीतरी मागून विचारलं,
"बाई, ह्याला कुणी काळं न्हाई फासलं?"
मी म्हटलं, डबे उघडा.

परीक्षेत प्रश्न आला तो एका गुणाचा.
हे देऊळ कोणी बांधले?
सातेरीनं लिहिलं:
राजानं सांगितलं. बांधलं दुसऱ्यांनी.
त्यांची नावं बाईंना पण म्हाईत नाहीत.
उत्तरपत्रिकेवर मी पेन धरून बसले.
अर्धा गुण दिला, खोडला, परत दिला.
तपासायला आलेल्या साहेबांनी
त्याच्याभोवती एक गोल काढून ठेवलाय,
अजून काही बोललेले नाहीत.

खरं मला राहून राहून आठवतो तो मष्णू.
आत दोन गाभारे, समोरासमोर.
एकीकडे पृथ्वी उचलून धरलेला वराह,
मंडपापल्याड शांत बसलेला नारायण.
मष्णू मधोमध थबकला, गालात आवळा.
"बाई, ह्याच्याकडनं त्याच्याकडं जायचं,
तर पाठ कुणाला दाखवायची?"

वीस वर्षं शिकवतेय.
असल्या प्रश्नाला आमच्याकडं
मोर्चे निघतात, बस बंद पडतात.
मी म्हटलं, तू सांग.

त्यानं आवळा दुसऱ्या गालात घेतला,
जरा वळला, एक कान ह्याच्याकडं, एक कान त्याच्याकडं,
आणि शेतातल्या खेकड्यासारखा
तिरका तिरका चालत गेला
थंड फरशीवरून.

मागून शमा. मागून गंगू, सातेरी,
सुतळी ओढत बाकीचे सगळे.
पुजारी घंटेखाली उभा, हसावं की ओरडावं कळेना.
शेवटी मी,
पदर कमरेला खोचून,
तशीच.