कोरा रकाना

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
माझं काम फॉर्म भरायचं.
गड्ड्याची जत्रा, रस्ते बंद,
म्हणून त्या आश्रमातून चालत आल्या.
पांढरं लुगडं, हातात तांब्याची लोटी,
लोटीत उकळून गार केलेलं पाणी.

नाव? ब्रह्मचारिणी चेलनाताई.
आडनाव?
सोडलं.
वय एकाहत्तर. लग्न? मुलं?
पहिल्या बाळंतपणाचं वय?
अंगावर किती महिने पाजलं?
रकाने एकाखाली एक छापलेत, मी विचारत गेले
आणि त्या दर वेळी "नाही" म्हणाल्या,
दारावरच्या भाजीवालीला म्हणावं तसं, न रागावता.

व्रत चौदाव्या वर्षी घेतलेलं.
थोरली अक्का पहिलटकरीण गेली, त्याच चातुर्मासात.
"लोक वैराग्य म्हणतात.
थोडी भीतीपण होती गं."

बीपी माझ्यापेक्षा चांगला. साखर नाही.
दोन जिने चढून धाप नाही.

मशीनवरच्या रुबीनाने गार काचेवर
त्यांची छाती ठेवली, हाताने सारखी केली,
म्हणाली, श्वास रोखा.
"ते येतं मला."
नंतर मात्र कितीतरी वेळ
पदर सारखा करत बसल्या.
सत्तावन्न वर्षांत एका वैद्याने काय ती नाडी पाहिली होती,
तीही मनगटावर रुमाल ठेवून.

डॉक्टर हत्तुरे म्हणाले,
ज्यांना मूल नाही, ज्यांनी पाजलं नाही,
त्यांच्यात ही गाठ जरा जास्त दिसते.
पण तुमची त्यानेच झाली
असं कुणालाच सांगता यायचं नाही.
"म्हणजे," ताई म्हणाल्या,
"मी एक वही लिहीत होते
आणि अंग दुसरीच."

मला अम्मा आठवली.
पूर्वभागातल्या दहा बाय दहात
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
विड्या वळता वळता सहा जणांना पाजलं तिनं.
बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली.
पंचेचाळिशीत हाडं खडूसारखी.
तिचा फॉर्म कुणी भरला असता
तर एक रकाना कोरा राहिला नसता.

मग गोळ्या. सकाळी, दुपारी, रात्री दहाला.
"मावळल्यावर पाणीसुद्धा नाही."
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं,
परत काढलं. माझ्याकडे बघितलं.
मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून
सूर्यास्ताच्या वेळा उतरवायला बसले.
आज सहा दहा. उद्यापण सहा दहा.
परवा सहा अकरा.
दिवस मोठा होतोय ताई, म्हटलं,
गोळीला आता रोज थोडी जास्त सवड.

माझ्याकडे 'लागू नाही'चा शिक्का आहे.
त्या चार रकान्यांवर मारायचा असतो.
शाईच्या डबीवर दाबला
आणि तसाच ठेवून दिला.

खिडकीतून गड्ड्यातला मोठा पाळणा दिसतो,
दुपारचा रिकामाच फिरवून बघतात.
त्या लोटी उचलता उचलता थांबल्या.
"बसलेय मी त्यात.
तेरा वर्षांची होते. अक्काला घट्ट धरून.
वरून खाली येताना
पोटात असा गोळा आला होता..."
आणि तोंडावर पदर धरून हसल्या,
पाळणा थांबेपर्यंत.