आई पाण्याला गेली होती

दिवसभर मी बाळं तोलते.
शियाच्या फांदीला काटा, काट्याला निळी झोळी,
एकेक बाळ तिच्यात लोंबतं, पाय फाकवून, रागावून,
मी आकडा ओरडते, लामारो वहीत लिहिते.
ज्या नावाखाली ती दोन रेघा ओढते
त्या घरी उद्या तीळ-शेंगदाण्याचा गोळा पोचवायचा.

अंधार पडला, काटा उतरवला, की दुसरं काम.
त्याला वही नाही.

वांग-ओ म्हणतात इथे शेकोटीला,
म्हणजे नुसत्या विस्तवाला नव्हे,
विस्तवाभोवती जे जे बसतं त्या सगळ्याला.
छावणीतल्या वर्षांत रात्री जाळ करता येत नसे.
ससा मुका झाला होता, म्हातारे सांगतात,
हत्तीला फसवायला कुणी उरलं नव्हतं.
आता पुन्हा लाकडं रचतात. आधी सशाची पाळी,
मग कुणीतरी म्हणतं, "काटेवाली, तुझ्या येशूची एखादी काढ."

मी दोन मुलग्यांच्या बापाचा दाखला काढला.
माझं आचोली अजून दुधाच्या दातांचं.
अडलं की लामारो शब्द पुढे सरकवते,
भाकरीचा तुकडा सरकवावा तसा.
धाकट्याने वाटणी मागितली, पुरुष चुकचुकले:
बाप जिवंत असताना?
डुकरं आली, पोरं खिदळली.
मग तो परत निघाला, बापाने लांबून ओळखला,
बाप धावला...

"थांब," मिन अबालो म्हणाली. "आई कुठं होती?"
गोष्टीत नाही ती.
"असेल. पाण्याला गेली असेल."
सगळ्यांना पटलं. मलाही.

"आणि अंडं?"
लामारो माझ्या कानाशी लागली:
फार दिवस दूर राहून, काय काय करून आलेल्याने
उंबऱ्याआधी अंड्यावर पाय द्यायचा असतो.
ते फुटलं की आत यायचं.
मी म्हटलं, त्या बापाने अंगठी दिली, वहाणा दिल्या.
"वहाणा नंतर," म्हातारी म्हणाली.
"वहाणा घालून अंडं कळत नाही."

उजेडाच्या कडेला बोंगोमिन उभा होता.
त्याच्या नावाचा अर्थ, ज्याला भाऊ नाही.
भाऊ होता.
रानातून तो एकटा परतला, सात वर्षांनी,
आणि पुढचं इथे कुणी विचारत नाही.

मी घाईने शेवटाकडे आले:
आत वासरू शिजतंय, थोरला रुसून बाहेर,
बाप त्याला समजावतोय. संपली.
"संपली? मग गेला का तो आत?"
ते सांगितलेलं नाही.
लाकूड तडकलं.
बोंगोमिन म्हणाला, कुणाकडेच न बघता,
"रुसला म्हणजे जिवंत आहे."

कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
मी तोंडात एक वाक्य जुळवत होते, देवाच्या दयेविषयी.
बरं झालं, क्रियापद सापडलं नाही.

मग मिन अबालोने गोष्ट माझ्या हातातून घेतली,
रडतं मूल घ्यावं तशी, न विचारता.
आई पाण्याहून आली, ती म्हणाली.
डोक्यावर काठोकाठ हंडा.
बघते तर एक पोर आत, एक बाहेर, म्हातारा मध्ये.
तिने कुणालाच बोल लावला नाही.
म्हणाली, मान मोडतेय रे माझी,
उतरवायला दोघं लागतात.

पुस्तकात हे नाही, मी म्हणू शकले असते.
पण मी त्या हंड्याकडेच बघत होते.

सकाळी काटा टांगला, तर बोंगोमिन झाडाखाली.
किती किलोपर्यंत तोलतो हा?
पंचवीस.
त्याने रिकाम्या झोळीवर तळहात ठेवला,
दाबला, काटा शेवटाला टेकेपर्यंत,
आणि सोडला नाही एकदम.
हळूहळू वर येऊ दिला.
लामारोने वही उघडली होती.
तिने काही लिहिलं नाही.