दहा पॉइंट आठ

बाहेर आल्यावर कोणी 'कसा गेला' विचारलं नाही.
सगळ्यांनी विचारलं, 'किती आलं?'

मुदोतोला नऊ पॉइंट आठ एक.
वामोनोला नऊ पॉइंट सात नऊ,
आणि ते दोन शतांश कुठे सांडले
म्हणून तो कंपासपेटी उलटी करून झटकत होता.
मला नऊ पॉइंट आठ. नुसतं.
पाढा म्हणावा तसं सांगून टाकलं मी.

नेउम्बे सगळ्यांच्या मागून आली,
बोटांवर अजून पेन्सिलीचं काळं.
म्हणाली, 'दहा पॉइंट आठ.'

तोवर आम्ही फाटकाबाहेर, सिराजेच्या तव्यापाशी.
म्बालेत रोलेक्स म्हणजे घड्याळ नव्हे,
चपातीत गुंडाळलेलं अंडं, कोबी, कांदा.
सिराजे एका हातानं अंडं फोडतो
आणि परीक्षेच्या दिवसांत कुणालाच
काही विचारत नाही.

'तुझ्या टेबलाखाली पृथ्वी जरा जास्त होती का गं?'
'वानालेचा डोंगर सरकून आला असेल खिडकीशी!'
'तरीच,' नेउम्बे म्हणाली, 'सकाळपासून पाय उचलत नाहीत.'
तीही हसली. मग पुडीच्या कागदावर
तेलकट बोटानं आलेख काढला:
सहा लांबी, सहा बिंदू,
सहाही रेषेवर, एकही इकडे-तिकडे नाही.

हसणं जरा कमी झालं.
चुकीचं उत्तर इतकं सरळ कसं असेल?

'मोजलंस कसं ते दाखव,' मुदोतो म्हणाला.
तिच्या गळ्यात पेटीची किल्ली होती, सुतळीत ओवलेली.
ती काढून तिनं बाजूला ओढून धरली,
सोडली,
'एक.'

'थांब!' वामोनो ओरडला. 'तिथे एक कुठला?
अजून काही झालेलंच नाही तिथे. शून्य म्हण!'

'सुटली ना पण ती.'

'सुटणं धरायचं नसतं.'

मग काय, गणित सोपं होतं.
वीस म्हणून मोजले ते एकोणीस झोके.
एकोणीस भागिले वीस, त्याचा वर्ग,
कॅल्क्युलेटरवर चटणीचा थेंब पडला,
नऊ पॉइंट सात पाच.
पृथ्वी आपल्या वजनावर परत आली,
वामोनोनं टाळी वाजवली, नेउम्बेनं कपाळावर हात मारला
आणि म्हणाली, 'एका शून्यापायी!'
रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.
दुसरं अंडं घालायला सांगितलं.

मी तव्याकडे बघत होतो.

कारण मीही हात सोडताना 'एक' म्हणालो होतो.
ओठांतल्या ओठांत, सहाही वेळा.
माझीही रेषा सरळ आली होती,
दहा पॉइंट आठाची.
घंटेला पंधरा मिनिटं असताना
मी ती खोडली.
मागून पुढे यावं तसा नऊ पॉइंट आठपासून निघालो,
प्रत्येक वेळेत थोडी थोडी भर घातली,
लांब दोऱ्याला दोन सेकंद,
आखडत आखडत शेवटच्याला दीडच्या आत.
एक-दोन बिंदू मुद्दाम रेषेबाहेर ठेवले,
खरं वाटावं म्हणून.

आत्ता कळलं, मी काय घालत होतो.
दर वेळी बरोबर एक झोका.
जो मी मोजायचा राहिलो होतो
तोच, चोरून,
तिथल्या तिथे ठेवत होतो.

'तू शून्य म्हणालास का रे?' नेउम्बेनं विचारलं.
तोंडात गरम अंडं होतं.
मान हलवली. ती कशी हलली
मला नीट सांगता येणार नाही.

मुदोतोला बस गाठायची होती.
सिराजेनं फडक्याला हात पुसले,
माझे सुटे पैसे मोजायला घेतले,
पहिलं नाणं तळहातावर ठेवताना म्हणाला,
'एक.'