दोन सेकंदांचा टायमर

लग्नं मोबाइलवाल्यांनी नेली
तेव्हापासून हिवराजचा कॅमेरा पेटीतच होता.
भिंगाच्या कडेला अजून एक अक्षता अडकलेली.
"ने नं," म्हणाला, "पण बॅटरी फुगली हाय त्याची."

शाळेचा सूक्ष्मदर्शक त्याहून म्हातारा,
आरशाचा एक कोपरा उडालेला.
मी तिथला परिचर. अठरा वर्षं पुसतोय,
पाहायची पाळी पोरांनंतर, कधी नाहीच.

बोअरच्या पाइपचा अडीच इंची तुकडा,
आतून काळा ऑइलपेंट,
सैल बसला तिथे सायकलच्या ट्यूबची कडी.
टेकचंद प्लंबरने पैसे घेतले नाहीत, विचारलं फक्त:
"काहून बापा, उलटी दुर्बीण करून रायला का?"
हो, म्हटलं.

पहिल्या दिवशी पडदाभर काळोख
आणि मधोमध रुपयाएवढा उजेड.
झूम केल्यावर तो काठापर्यंत आला.
पण डोळ्याला जे लख्ख, कॅमेऱ्याला ते धुकं;
मग मी डोळ्याचं ऐकणं सोडलं.
बटण दाबलं तरी सगळं हलायचं,
म्हणून टायमर.
लग्नात त्याच्या जोरावर हिवराज
धावत येऊन वऱ्हाडात उभा राहायचा.
मी मागे सरतो, श्वास धरून.

लाइट नव्हती. आरशाने खिडकीतलं ऊन धरलं.
यामिनी दिघोरेने मामा तलावाचं पाणी आणलेलं,
बाप जाळं धुतो त्या पाळीजवळून,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
काचेवर थेंब. थेंबात पाणपिसू,
काचेहून पारदर्शक,
आणि पाठीशी काहीतरी भरभर मिटतंय, उघडतंय.
"काळीज हाय जी ते."
मला ठाऊक नव्हतं.
ती मोजू लागली. चाळिशीच्या आतच जीभ मागे पडली.

खट्.

अंडी मोजता आली, सात.
मिशांवरचे केससुद्धा.
पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली.
यामिनीने फोटो पाहिला,
मला पाइप काढायला लावून आत पाहिलं,
मग पुन्हा फोटो.
"यात काहून थांबलं जी?"

फोटो आहे तो, म्हटलं.
तिला ते पुरलं नाही.
मी उगाच मागचा बाण दाबला,
तर पाणपिसूच्या लगेच अलीकडे
कुणाची तरी नवरी, हळदीची,
डोळे नेमके मिटलेली.

थेंब कडेने आटत चालला होता.
यामिनीने न विचारता काच उचलली
आणि बाटलीत बुडवली, बुचाजवळच्या पाण्यात,
बोटांसकट.