डावी काठी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, ग्रिम्सबीत,
फार्मसीचं शटर अर्धं ओढून
डोरीन विचारते, काय केलंस वर्षभर?
ती स्वतः तेनेरिफला जाऊन आली, गुडघा बदलून घेतला.
मी म्हणते, काही विशेष नाही.

खोटं.
मी एकशे तेरा वेळा मेले.

चिचुंद्रीच्या खेळात. कपाळाला दिवा बांधून
ती जमिनीखाली उतरते, तेल संपत जातं,
सातव्या बोगद्यात एक आंधळा उंदीर असतो,
त्याला दिवा दिसत नाही, फक्त आपली घाई ऐकू येते.
हे कळायला मार्च उजाडला.
तोवर रोज रात्री, पोळ्या झाल्या की,
मरायचे, उठायचे, गॅसचं मीटर बघायचे, परत मरायचे.
आता दुकानातही हळू चालते.
डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दोनदा वाचते.
हे कुणाला सांगणार?

शेतीचा खेळ मी नावं ठेवत घेतला.
सवलतीत होता. म्हटलं, सलगम लावायला आले का मी
सातासमुद्रापार?
पंधरा दिवसांत अकरा कोंबड्या, एक तळं,
आणि गावचा लोहार रोज मला एक खिळा भेट द्यायचा.
ऑगस्टमध्ये त्याने लग्नाचं विचारलं.
विद्याधरला दाखवलं. तो म्हणाला, हो म्हण,
माणूस कामाचा दिसतोय, बाथरूमचा नळ बघेल.
हो म्हटलं.
दुसऱ्या दिवसापासून खिळे बंद.

टपालवाल्याचा खेळ फक्त चार संध्याकाळी खेळले,
तरी यादीत.
बेट छोटं, पत्ते पावसात पुसलेले,
अक्षराच्या वळणावरून ओळखायचं कुणाचं पत्र कुणाला.
एक मी मुद्दाम चुकीच्या दारात टाकलं.
खेळाने काही शिक्षा केली नाही.
त्या घरातली बाई नुसती दोन दिवस खिडकीत उभी राहिली.
मी पुन्हा तिकडे गेले नाही.

मारामारीच्या खेळात मी रोज हरते
पोलंडच्या की पेरूच्या कुणा पोराकडून,
लाल कोल्हा सत्तेचाळीस म्हणवतो स्वतःला.
एकदाच, ऑक्टोबरात, त्याची उडी मी
सागरगोट्यासारखी वरच्यावर झेलली.
तासगावच्या ओसरीवरचा हात, चाळीस वर्षं पडून होता.
कोल्ह्याने टाळ्या पाठवल्या.
मी उठून दोन कप चहा टाकला,
विद्याधर कधीचा झोपला होता तरी.

यंत्र अन्वयचं. ग्लासगोला शिकायला जाताना ठेवून गेला,
कंट्रोलरही, ज्याची डावी काठी झिजलीय:
हात काढला की कुठल्याही खेळातलं माणूस
आपोआप डावीकडे सरकत राहतं.
चिचुंद्री, टपालवाला,
लोहाराशी बोलता बोलता मीसुद्धा, तळ्यात.
नवा घे, तो फोनवर म्हणतो, चाळीस पौंडांना मिळतो.
घेईन.
तोवर उजवीकडे थोडं कलून राहायची सवय झालीय.

पण सगळ्यात आवडता विचारशील, डोरीन,
तर तो मी खेळलेच नाही.
बर्फाचा एक खेळ, पहिल्या खणात अन्वयने राखून ठेवलेला.
आई, पहिल्याला हात लावू नकोस.
नोव्हेंबरात लावला.

त्याचा माणूस शेवटच्या दरवाजापाशी उभा होता.
पिशवीत किल्ली, दोर, सात भाकऱ्या,
एक बटण दाबायचं तेवढं बाकी.
दोन वर्षं तसाच. खांद्यावर बर्फ.
मी बटण दाबलं नाही.
वारा ऐकला. हंबरवरून येतो तसाच,
फक्त मासळीचा वास नाही.
तेवढ्यात तो सरकायला लागला, डावीकडे, कड्याकडे,
मी अंगठ्याने काठी धरून ठेवली.
किती वेळ, ते यंत्राला माहीत.
मग जतन न करता बाहेर पडले.

डोरीन शटर पूर्ण खाली घेते. कुलूप माझ्याकडे असतं.
नाताळला येतोय ना मुलगा?
येतोय, बावीसला.
त्याआधी सलगम काढायचेत.