दोनची कूस

रजिस्टर रात्री दहालाच भरून ठेवायचं,
हे पहिल्या दिवशी शिकवलं ब्लेसीने.
बारा वाजता कूस बदलली. दोन वाजता कूस बदलली.
चार. सहा.
सही, सही, सही, सही.
"नंतर टाइम नाय भेटत," ती म्हणाली
आणि पुढच्या महिन्यात मस्कतला गेली.

मुलुंड चेकनाक्याजवळ, खाली फरसाणचं दुकान,
वर दोन मजले 'सायंप्रभा'.
एकोणतीस माणसं, एक मी, एक हौसामावशी,
जिला गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही
आणि कंबरेमुळे कुणाला उचलता.
कपाटात हातमोजे आहेत. कपाटाला कुलूप आहे.
किल्ली खटावकरसाहेबांच्या गाडीच्या किल्लीसोबत
रोज साडेसहाला घोडबंदरला जाते.

रात्रीचं माणशी एक डायपर.
पिंटोआंटीला दोन लागतात.
म्हणजे कुणाला तरी एकही नाही,
आणि तो कोण, हे मी ठरवते.
नर्सिंगच्या तीन वर्षांत हे कुठल्याच पेपरला नव्हतं.

नऊ नंबरला रेगेकाका.
वजनमापे खात्यात निरीक्षक होते,
मशीद बंदरच्या तराजूंचे काटे तपासण्यात हयात गेली.
डावं अंग गेलं, जीभ जड झाली,
नजर मात्र गुंजभरही इकडची तिकडे होत नाही.
समोरच्या भिंतीवर औषध कंपनीने दिलेलं घड्याळ.
या जागेत वेळेवर चालणारी तेवढी एक वस्तू.

त्या रात्री सतरा नंबरचा ऑक्सिजन संपत आला.
जादा सिलिंडरवर 'भरलेला' अशी चिठ्ठी, आत काही नाही.
साहेबांना फोन. नुसती रिंग. पुन्हा फोन.
अँब्युलन्स आली तर स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना;
जिन्याने उतरवलं, एका टोकाला ड्रायव्हर, दुसऱ्याला मी.
वर आले तेव्हा पावणेचार.
रेगेकाका टक्क जागे.
"सिस्टर, दोन वाजता मी कुठल्या कुशीवर होतो?"

रागाने नाही. दुकानदाराला विचारतात तसं:
या मापावर शिक्का कधी मारून घेतला?

मी त्यांना वळवलं.
माकडहाडावर गेल्या सोमवारी रुपयाएवढं होतं,
आता वाटीच्या तोंडाएवढं.
पाठ काही रजिस्टर वाचत नाही.
धुतलं, भरलं, झाकलं;
मोजे माझे, मेडिकलमधून सुटे आणलेले.
खाली कढई चढली होती, गाठ्यांचा वास वर येत होता,
आणि मला भूक लागली.
तेवढ्यात. तिथेच. भूक लागली.

मग रजिस्टर उघडलं.
दोनच्या रकान्यातली माझी सही खोडली,
बाजूला लिहिलं: दोनची कूस ३.४५ ला.
कारणाला रकाना नव्हता. समासात लिहू लागले.
समास पुरला नाही.

सकाळी खटावकरसाहेब ओरडले नाहीत.
चहा मागवला, माझ्यासाठीही.
"गिचमिड झालीय सिस्टर, नव्या पानावर फेअर करा,
मंगळवारी तपासणी आहे."
जुनं पान त्यांनी पट्टी लावून फाडलं, अगदी सरळ.
मी फेअर केलं.
दोन महिन्यांचा पगार अडकलाय, चौदा-चौदा हजार,
सोडून गेले तर तोही बुडतो,
हे समासात नाही, इथे लिहिते.

तपासणीचे साहेब अक्षर छान आहे म्हणाले.
कपाट त्या दिवशी उघडं होतं.
नऊ नंबरला थांबून विचारलं, "आजोबा, काही तक्रार?"
रेगेकाकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हिचा काटा बरोबर आहे," म्हणाले,
"तराजू खोटा आहे."
साहेब हसले. भ्रम होतो का यांना, विचारलं.
खटावकरांनी मान हलवली.
तशी नोंद करा, मला म्हणाले.

ती नोंद मी अजून केलेली नाही.

आज रात्री अठ्ठावीस आहेत.
मोबाइलला दोनचा गजर लावून
एप्रनच्या खिशात ठेवलाय, आवाज बंद.
दोन वाजता तो मांडीला लागून थरथरतो.
मी नऊ नंबरकडे निघते
आणि चार नंबरची बेल वाजते.