दोन रकाने

पांझरा उतरली त्याच्या चौथ्या दिवशी
मी मोजपट्टी घेऊन गेले.
तातडीच्या अनुदानाचे रकाने दोन:
जमीन खरडून गेली असेल तर पहिला,
गाळ बसला असेल तर दुसरा.
एका गटाला एकच. खाडाखोड चालत नाही.

लोटन धुडकू भदाणे यांच्या वावरात
मोजायला काही उरलं नव्हतं.
मुरूम वर आलेला,
सोललेल्या गुडघ्यासारखा.
'किती खोल गेली, बापू?'
त्यांनी बांधावरच्या बाभळीकडे बोट केलं.
मुळं हवेत, आणि बुंध्यावर
मातीची जुनी रेघ, मांडीइतकी उंच.
मी झाड मोजलं
आणि जमीन म्हणून लिहिलं.

दोन उन्हाळे ठेलाऱ्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या इथे,
रात्रीमागे पायलीभर बाजरी आणि चहाचा गूळ देऊन.
त्याला रकाना नाही.

खाली, फरशी पुलाच्या पलीकडे
कोकिळाबाई उखा माळी.
तिथे पट्टी हात लावताच बुडाली.
अकरा इंच. काळी, लोण्यासारखी.
रकाना दुसरा: गाळ काढण्यासाठी, हेक्टरी.

पैसे दोघांच्या खात्यात एकाच दिवशी आले.
(यालाही नशीब लागतं. बापूंचा अंगठा
मशीनवर तीनदा उठला नव्हता.)

संक्रांतीच्या तोंडावर मी
काम झाल्याचे फोटो काढायला गेले,
तर कोकिळाबाईंनी गाळ काढलाच नव्हता.
त्यात हरभरा, घाट्यांनी वाकलेला.
आणि सरीत उभे लोटनबापू,
हातात गंजलेलं खुरपं.
'हाई मनी बायकोनं शे.
चार वरीस पहिले कपाशीमा दवडनं व्हतं.'

कोकिळाबाईंनी खुरपं उलटंसुलटं पाहिलं.
'मंग माती बी तुमनीच शे. लई जा.
पन मना हरभरा?'
मग माझ्याकडे वळून, हळूच:
'गाळ नही काढा
ते पैसा परत देना पडतीन का, ताई?'

शासन निर्णय मला पाठ आहे.
त्यात वर माती जाते, खाली गाळ येतो.
मधल्या एका कोसाबद्दल
त्यात एक ओळ नाही.

बापूंनी एक घमेलं मागून घेतलं.
दोन ओळींच्या मधून, रोपाला धक्का न लावता,
खुरप्यानं खरवडून भरलं.
मी फोटो काढला: माणूस, घमेलं, माती.
त्यांच्या नावावर टाकला.
मोबाईल फिरत राहिला, फिरत राहिला,
मग म्हणाला: गट नंबर जुळत नाही.

तोवर ते पुलावर पोचले होते.
नदीकडे पाहिलंही नाही त्यांनी.
घमेल्याला तडा होता, कोकिळाबाई सांगायच्या विसरल्या,
किंवा नसतील विसरल्या.
फरशीवर मागे एक काळी रेघ पडत गेली,
बारीक,
बाभळीच्या दिशेनं.